पर्थ ते लंडन : सतरा तासांची रात्र

मंगळवार, मुंबई

आम्ही निघालो तेव्हा मुंबईहून पर्थला थेट विमान नव्हतं. सिंगापूरला उतरायचं आणि तिथून दुसरं विमान पकडायचं. लेक ऑस्ट्रेलियात पर्थला, मुलगा लंडनला आणि आम्ही दोघं गुहागरला. दोन्ही घरं एकाच फेरीत करायची असं ठरवून ह्यांनी तिकिटं काढली : मुंबई–सिंगापूर–पर्थ, मग पर्थहून मध्ये कुठेही न उतरता थेट लंडन, आणि लंडनहून मुंबई. त्यातला मधला टप्पा १४,५०० किलोमीटरचा. जगातल्या सर्वांत लांब प्रवासी उड्डाणांमध्ये त्याची गणना होते. मी आयुष्यभर शाळेत भूगोल शिकवला. मुलांना अक्षांश-रेखांश समजावले, प्रमाणवेळेची गणितं घातली, नकाशे भरून घेतले. ते सगळं स्वतःच्या पायाखालून जाताना बघायला मिळणार म्हणून मी या प्रवासाची किती दिवस वाट बघत होते ते मलाच ठाऊक.

गणपतीचं विसर्जन झालं, घर आवरलं, शेजारी किल्ली दिली आणि निघालो. मुंबईच्या विमानतळावर रात्री उशिरा सामान तपासून घेतलं. ह्यांच्या गुडघ्यांमुळे चाकाची खुर्ची आधीच सांगून ठेवली होती. ज्यांना लांब चालवत नाही त्यांनी ती तिकिटाबरोबरच मागून घ्यावी. ऐन वेळी मागितली की तिष्ठत बसावं लागतं.

बुधवार, सिंगापूर आणि पर्थ

मुंबई ते सिंगापूर सुमारे ३,९०० किलोमीटर, साडेपाच तास. सिंगापूर ते पर्थ, तेही सुमारे ३,९०० किलोमीटर आणि पाच तासांच्या थोडं वर. अंतरं जवळजवळ सारखी, पण शरीराला दोन्हींचा अनुभव अगदी वेगळा येतो. मुंबईहून पूर्वेला जाताना घड्याळ अडीच तास पुढे गेलं, आणि सिंगापुरात सकाळी डोळे चुरचुरत होते. सिंगापूरहून पर्थला जाताना मात्र घड्याळाला हातच लावावा लागला नाही. तेवढंच अंतर कापलं, विषुववृत्त ओलांडलं, उन्हाळी टोपी काढून स्वेटर घातला, तरी वेळ तीच. कारण विमान जवळजवळ सरळ दक्षिणेला गेलं. सिंगापूर खरं तर पर्थच्या बारा अंश पश्चिमेला आहे, पण १९८२ पासून तिथे मलेशियाच्या जोडीने ग्रीनिचच्या आठ तास पुढची वेळ पाळतात. पर्थचीही तीच वेळ. प्रवासाचा शीण किलोमीटरवर कमी आणि ओलांडलेल्या रेखांशांवर जास्त ठरतो, हे मी वर्गात सांगत आले होते. त्या दिवशी ते अंगाने कळलं.

पर्थला उतरल्यावर खाण्याच्या वस्तूंची तपासणी कडक असते. मेतकूट आणि भाजणीची दुकानातली बंद पाकिटं मी कार्डावर लिहून जाहीर केली होती. अधिकाऱ्याने पाकिटं उलटीपालटी करून पाहिली, दोन प्रश्न विचारले आणि परत दिली. आपण आणलेलं सगळं कार्डावर लिहून टाकावं, लपवू नये. लपवलेलं सापडलं तर दंड होतो.

बाहेर जावई गाडी घेऊन उभे होते. नात मागच्या सीटवर झोपली होती.

गुरुवार, पर्थ

आज दिवसभर घरीच होतो. दुपारी नातीच्या अभ्यासाच्या टेबलावर पृथ्वीगोल दिसला, आणि मी शिवणाच्या डब्यातून लांब दोरा मागितला. सपाट नकाशावर पर्थपासून लंडनपर्यंत पट्टी ठेवली तर रेघ जशी जाते तसं विमान जात नाही. गोलावर दोन बिंदूंमधला सर्वांत जवळचा रस्ता बृहद्‌वृत्तावरून, म्हणजे गोलाचे बरोबर दोन अर्धे भाग करणाऱ्या वर्तुळावरून, जातो. दोऱ्याचं एक टोक पर्थवर दाबायचं, दुसरं लंडनवर, आणि दोरा ताणायचा. तो आपोआप जिथे स्थिर होतो तोच सर्वांत कमी अंतराचा मार्ग.

नातीने पर्थवर बोट ठेवलं, मी लंडनवर. दोरा ताणला आणि आम्ही त्याच्या बाजूने गावं वाचायला सुरुवात केली. पर्थहून हिंदी महासागर, तब्बल साडेपाच हजार किलोमीटर नुसतं पाणी. मग श्रीलंका. मग तमिळनाडूत शिरून कोइमतूरच्या आसपास, तिथून कर्नाटक, आणि मग तो दोरा गोव्याच्या किनाऱ्याला जवळजवळ लागून अरबी समुद्रात उतरत होता. पुढे इराण, कास्पियन समुद्राचा दक्षिणेकडचा कोपरा, जॉर्जिया, काळा समुद्र, क्रिमिया, युक्रेनचा पश्चिम भाग, प्राग, जर्मनी, लंडन.

मी तो दोरा पुन्हा ताणला. पुन्हा तेच.

मग संध्याकाळी कागद घेऊन बसले आणि अक्षांश-रेखांश घालून रीतसर गणित केलं. जावयांनी ते संगणकावर पडताळून दिलं. पर्थ आणि लंडन या दोन विमानतळांचा बरोबर मध्यबिंदू येतो १७.६ अंश उत्तर आणि ७१.७ अंश पूर्व. म्हणजे अरबी समुद्रात, गुहागरच्या किनाऱ्यापासून सरळ पश्चिमेला साधारण १६० किलोमीटरवर. आमच्या घराच्या गच्चीवरून सूर्य मावळताना दिसतो त्याच दिशेला.

लेकीला मी कागद दाखवला. ती म्हणाली, "आई, म्हणजे आम्ही दोघं तुमच्या दोन बाजूंना सारखेच लांब!" पर्थ ते मुंबई सरळ अंतर ७,३०० किलोमीटर, मुंबई ते लंडन ७,२००. बेरीज केली तर थेट पर्थ–लंडन अंतरापेक्षा पन्नास किलोमीटरही जास्त होत नाही. मुलं विरुद्ध दिशांना गेली, आता एकाकडून दुसऱ्याकडे जायला जग पालथं घालावं लागणार, असंच मी इतकी वर्षं मनात धरून होते. प्रत्यक्षात लेकीकडून मुलाकडे जाणारी सर्वांत जवळची वाट आमच्या दारावरून जाते. त्या रात्री मला बराच वेळ झोप लागली नाही.

शनिवार, बुल क्रीक

बुल क्रीकला विमानांचं संग्रहालय आहे. लेकीच्या घरापासून जवळच. लँकेस्टर नावाचं दुसऱ्या महायुद्धातलं अवाढव्य बाँबफेकी विमान तिथे आहे आणि बहुतेक लोक त्यासाठीच येतात. मी गेले होते कॅटलिना बघायला.

कॅटलिना म्हणजे पाण्यावर उतरणारं विमान. पोट होडीसारखं, पंख डोक्यावर एका खांबावर उचलून धरलेला, त्या पंखावर दोन इंजिनं, आणि मागच्या बाजूला दोन्हीकडे काचेचे मोठे फुगे. आत वाकून चालावं लागेल अशी जागा. मी त्या होडीच्या पोटाजवळ उभी राहून रिव्हेटच्या रांगा बघितल्या. पत्रा इतका पातळ वाटत होता की हात लावायची इच्छा झाली. हात लावायला अर्थातच परवानगी नाही.

त्याची गोष्ट अशी. १९३५ पासून ऑस्ट्रेलिया आणि लंडन यांच्यामध्ये प्रवासी विमानसेवा होती. टप्प्याटप्प्याने, साडेबारा दिवसांची. फेब्रुवारी १९४२ मध्ये सिंगापूर जपानच्या ताब्यात गेलं आणि तो रस्ता मधोमध तुटला. ऑस्ट्रेलियाचा ब्रिटनशी हवाई संबंध जोडायचा तर एकच उपाय उरला होता : पर्थहून सरळ हिंदी महासागर ओलांडून सिलोन, म्हणजे आजची श्रीलंका, गाठायचं. मध्ये उतरायला काही नाही. १९४३ च्या मध्यापासून जुलै १९४५ पर्यंत क्वांटास या ऑस्ट्रेलियन विमानकंपनीच्या पाच कॅटलिनांनी हे केलं. पाचांना ताऱ्यांची नावं होती, अल्टेअर, व्हेगा, रायजेल, अँटारेस आणि स्पायका. आपल्याकडे म्हणायचं तर श्रवण, अभिजित, राजन्य, ज्येष्ठा आणि चित्रा. ती नावं शोभेपुरती नव्हती. शत्रूला सुगावा लागू नये म्हणून रेडिओ बंद ठेवायचा, आणि रात्री ताऱ्यांचे वेध घेऊन दिशा ठरवायची.

अंतर सुमारे ५,६५० किलोमीटर. वेग तासाला दोनशे किलोमीटरच्या आसपास. म्हणजे सत्तावीस-अठ्ठावीस तास, आणि वारा समोरून असला तर त्याहूनही जास्त. सर्वांत लांबलेलं उड्डाण ३२ तास ९ मिनिटांचं झालं. इंधनाला जागा आणि वजन हवं म्हणून विमानातलं जे जे काढता येईल ते काढून टाकलं होतं. प्रवासी जास्तीत जास्त तीन, टपाल सत्तर किलोच्या आत. निघाल्यानंतर पहिला सूर्योदय आणि पोहोचण्याआधी दुसरा, असे दोन सूर्योदय हवेतच होत. म्हणून त्या उड्डाणांना 'डबल सनराइज' म्हणत, आणि प्रवाशांना तशा गुप्त मंडळाचं सभासदत्व दिल्याचं प्रमाणपत्र मिळे. अशा २७१ फेऱ्या झाल्या. युद्ध संपल्यावर ती विमानं अमेरिकेबरोबरच्या करारातल्या अटींमुळे समुद्रात बुडवून टाकली. ज्यांनी इतकं केलं त्यांच्यातलं एकही बघायला ठेवलं नाही याचं मला फार वाईट वाटतं. बुल क्रीकला जे आहे ते त्याच जातीचं, पण त्या पाचांतलं नव्हे.

सिलोनमध्ये ती उतरत कोग्गला नावाच्या तलावात, गॉलच्या जवळ. गुरुवारी आमचा दोरा श्रीलंकेवरूनच गेला होता. त्या वैमानिकांनी जी वाट धरली ती लंडनच्या सर्वांत जवळच्या वाटेचाच पहिला तुकडा होती, फक्त त्यांना तो तुकडा पार करायला एक पूर्ण दिवस आणि वर काही तास लागत.

रविवार, स्वान नदी

सकाळी किंग्ज पार्कला गेलो. सप्टेंबरचा शेवट म्हणजे तिथला वसंत. कांगारूच्या पंज्यासारखी दिसणारी लाल-हिरवी फुलं सगळीकडे फुललेली होती. वरून स्वान नदीचं रुंद पात्र दिसतं. उतरून नेडलँड्सच्या बाजूला काठावर गेलो, कॅटलिना जिथून निघत तिथे. आता तिथे लोक होड्या घेऊन येतात, मुलं गळ टाकून बसतात. पाणी शांत, उथळ दिसणारं. टाक्या काठोकाठ भरलेलं ते जड विमान या पाण्यावरून वेग घेत घेत किती वेळाने उचललं जात असेल, याचा मी तिथे उभी राहून अंदाज करत होते. नातीला विचारलं, एवढ्या पाण्यावर विमान उडेल का? ती म्हणाली, "होडीच आहे ना ती, मग काय!"

संध्याकाळी सामान बांधलं.

सोमवार, पर्थ विमानतळ आणि आकाश

पर्थहून लंडनला न थांबता जाणारं क्वांटासचं पहिलं प्रवासी विमान २४ मार्च २०१८ ला निघालं. ऑस्ट्रेलिया आणि युरोप यांना थेट जोडणारी ती पहिलीच नियमित सेवा. त्याआधी हा प्रवास कसा होत होता ते बघितलं की या विमानाची थोरवी कळते. १ डिसेंबर १९४७ ला क्वांटासने सिडनी ते लंडन आपली स्वतःची सेवा सुरू केली, कॉन्स्टलेशन जातीच्या चार इंजिनांच्या विमानाने. डार्विन, सिंगापूर, कलकत्ता, कराची, कैरो, त्रिपोली असे सहा थांबे. सिंगापूर आणि कैरोला रात्रीचा मुक्काम. २९ प्रवासी, ११ कर्मचारी, चार दिवस. मध्ये उड्या मारत जायचं म्हणून त्या वाटेला नावच पडलं 'कांगारू रूट'. आम्ही मध्ये एकही उडी न घेता जाणार होतो.

विमान बोइंग ७८७-९. आसनं २३६. याच आकाराच्या विमानात इतर कंपन्या याहून बरीच जास्त माणसं बसवतात. इथे कमी बसवतात, कारण वजन इंधनासाठी हवं. या विमानाच्या टाक्यांत सव्वा लाख लिटरहून जास्त इंधन मावतं, वजनात सुमारे शंभर टन. उड्डाणाच्या वेळी विमानाचं एकूण वजन २५४ टनांपेक्षा जास्त चालत नाही. म्हणजे लांबच्या उड्डाणाला निघताना विमानाचा पाच भागांतला दोन भाग नुसतं इंधन असू शकतं. आणि त्यातलं बरंचसं इंधन बाकीचं इंधन वाहून नेण्यातच जळतं, घाटात पाण्याचा हंडा घेऊन चढणाऱ्या बाईला वाटेत त्यातलंच पाणी प्यावं लागतं तसं. म्हणून विमान सुरुवातीला फार उंच जात नाही. इंधन जळत जातं, वजन हलकं होतं, तसतसं ते दर काही तासांनी एकेक पायरी वर चढतं.

पावणेसातला निघालो. पर्थला सूर्य सव्वासहाच्या सुमारास मावळला होता, आकाशाच्या पश्चिम कडेला नारिंगी रेघ होती. ती रेघ पुढे बराच वेळ दिसत राहिली, कारण आम्ही तिच्याच मागे चाललो होतो. मग ती पुसली गेली.

मी समोरच्या पडद्यावर नकाशा लावून ठेवला. बाजूच्या बाईंनी सिनेमा लावला. पहिल्या तासांत नकाशावर निळ्या रंगाशिवाय काहीच नव्हतं. खाली तोच महासागर जिथे कॅटलिनांनी रेडिओ बंद ठेवून तारे मोजले. मी खिडकीला कपाळ लावून बाहेर पाहिलं. या विमानाच्या खिडक्यांना पडदे नसतात, बटण दाबलं की काच गडद होते, पुन्हा दाबलं की स्वच्छ. स्वच्छ केली. डोळे सरावल्यावर तारे दिसले, पंखाच्या टोकाच्या वर, इतके स्थिर की आपण हलतोय असं वाटेना.

पर्थच्या वेळेनुसार मध्यरात्र उलटून दीड वाजला असेल. नकाशावर मालदीव आलं. वरच्या कोपऱ्यात कोची आणि मुंबई अशी नावं उमटली. घरी तेव्हा रात्रीचे अकरा. गुरुवारच्या दोऱ्याप्रमाणे आम्ही गोव्याजवळून जायला हवं होतं, पण आजची वाट त्याच्या बरीच पश्चिमेला होती. याचं कारण मला आधीच ठाऊक होतं. बृहद्‌वृत्त गोलावर काढता येतं, पण आकाशात देशांच्या हद्दी असतात, आणि हद्दींवर युद्धं असतात. क्रिमिया आणि युक्रेनवरून प्रवासी विमानं जात नाहीत. त्या रात्री इराणलाही वळसा होता. म्हणून विमान मालदीवजवळून अरबी समुद्र तिरका कापून ओमान, सौदी अरेबिया, इजिप्त असं जाऊन भूमध्य समुद्रावर निघालं. काही शे किलोमीटर जास्त. एप्रिल २०२४ मध्ये मध्यपूर्वेत तणाव वाढला तेव्हा तर ही वाट इतकी लांबली की लंडनला जाणाऱ्या विमानाला तेवढं इंधन नेणं शक्य होईना, आणि काही काळ ते सिंगापूरला उतरून इंधन भरून जात होतं. येतानाचं मात्र तेव्हाही थेटच येत होतं, कारण वरच्या हवेतला पश्चिमेचा वारा त्याला मागून ढकलतो.

दोन शहरांमधलं अंतर विचारलं की आपण एक आकडा सांगून मोकळे होतो. १४,५०० किलोमीटर भागिले तासाला ९००, म्हणजे सोळा तास. पण वेळापत्रकात सतरा तास वीस मिनिटं लिहिलेली असतात. तो वरचा सव्वा तास कुठून येतो ते मी त्या रात्री पडद्यावर डोळ्यांनी पाहिलं. थोडा वेळ धावपट्टीपर्यंत सरपटण्यात गेला, थोडा वळशात, आणि बाकीचा समोरून येणाऱ्या वाऱ्यात. जमिनीच्या हिशेबाचा वेग कधी ९०० च्या वर असायचा, भूमध्य समुद्राजवळ तो ८३० पर्यंत उतरला. विमान हवेत तेवढ्याच वेगाने चाललेलं असतं, हवाच उलटी वाहत असते.

आत काय करायचं ते सांगते, कारण सतरा तास एका जागी बसणं आमच्या वयाला सोपं नाही. पायात घट्ट मोजे घालावेत, डॉक्टरांना विचारून. दर दीड-दोन तासांनी उठून मागच्या मोकळ्या जागेपर्यंत चालत जावं. हे गुडघ्यांमुळे कंटाळा करत होते, तरी मी प्रत्येक वेळी उठवलं. पाणी मागून मागून प्यावं. ७८७ चं अंग धातूऐवजी बरंचसं कार्बन तंतूंच्या मिश्र पदार्थाचं आहे, त्यामुळे आतला हवेचा दाब सहा हजार फूट उंचीवर असतो तेवढा राखता येतो. जुन्या विमानांत तो आठ हजार फुटांवरचा असे. हवाही थोडी दमट ठेवता येते. कान, नाक, डोकं यांना हा फरक जाणवतो. मला नेहमी होणारी डोकेदुखी या खेपेला झाली नाही.

जेवणं आणि दिवे कधी लावायचे, कधी मालवायचे, तेही ठरवून केलेलं असतं. सिडनी विद्यापीठाच्या चार्ल्स पर्किन्स केंद्रातल्या शास्त्रज्ञांबरोबर कंपनीने यावर काम केलं आहे. जिथे पोहोचायचं तिथल्या वेळेकडे शरीराला हळूहळू वळवायचं, हा त्यामागचा विचार. वैमानिक चार असतात, दोघं चालवतात तेव्हा दोघं झोपतात.

आणि सबंध प्रवासभर बाहेर रात्रच. संध्याकाळी पर्थ सोडलं, आम्ही पश्चिमेला जात राहिलो, आणि सकाळ आमच्या मागून येत होती पण तिला आम्हाला गाठता येत नव्हतं. सूर्य तासाला पंधरा रेखांश सरकतो, आम्ही सरासरी सात. त्यामुळे बाहेरच्या जगात नऊ-साडेनऊ तासांची रात्र सरली तेवढ्यात आम्ही सतरा तास काढले. कॅटलिनाच्या प्रवाशांनी दोन सूर्योदय पाहिले, आम्हाला एकही दिसला नाही.

मंगळवार, लंडन

पहाटे पाचला हीथ्रोवर उतरलो. अंधारच होता. पर्थमध्ये त्या वेळी दुपारचे बारा वाजून गेले होते. मुलगा दोन जाड कोट हातावर टाकून उभा होता. गाडीत बसेपर्यंत ह्यांनी त्याला सौदीवरून आलो, इजिप्तवरून आलो हे सगळं सांगून टाकलं. मधल्या वेळात झोपलेत असं मी समजत होते, हे नकाशाच बघत होते.

सूर्य साडेसहानंतर, सातच्या सुमारास उगवला. स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघितला.

बुधवार, गुरुवार

दोन्ही दिवस पहाटे दोनला जाग. शरीर पर्थच्या सकाळी नऊचं घड्याळ धरून बसलेलं. दिवसा बाहेर उजेडात चालणं आणि संध्याकाळी आठपर्यंत काहीही करून जागं राहणं, यानेच ते सुधारतं.

शुक्रवार, सायन्स म्युझियम

इथे मला एकच वस्तू बघायची होती. ॲमी जॉन्सनचं विमान, 'जेसन'. हिरव्या रंगाचं, दोन मजली पंखांचं, बसायची जागा उघडी. छताला टांगलेलं आहे. खालून बघितलं तर लाकडाच्या सांगाड्यावर ताणलेलं कापड कळतं. या विमानातून ५ मे १९३० ला ती क्रॉयडनहून एकटी निघाली आणि २४ मे ला डार्विनला पोहोचली. इंग्लंड ते ऑस्ट्रेलिया एकटीने उडून जाणारी पहिली स्त्री. वय अवघं २६. वाटेत कराची, मग झाशी, अलाहाबाद, कलकत्ता. झाशीला इंधन संपत आलं म्हणून लष्कराच्या कवायतीच्या मैदानात तिने विमान उतरवलं, त्यात पंखाची मोडतोड झाली, ती दुरुस्त करून पुढे गेली. विमानाची निगा राखणाऱ्या अभियंत्याचा परवानाही तिने स्वतः मिळवलेला होता.

मुलगा म्हणाला, आता क्वांटासचं पुढचं विमान सिडनीहून थेट लंडनला येणार आहे, १७,००० किलोमीटर, वीस तासांच्या वर. त्या बेताचं नाव 'प्रोजेक्ट सनराइज', कॅटलिनांच्या आठवणीने ठेवलेलं. एअरबस ए३५०-१००० जातीची बारा विमानं २०२२ मध्ये मागवली, त्यांत वीस हजार लिटरची जास्तीची टाकी आणि प्रवासी फक्त २३८. प्रवाशांना उभं राहून हातपाय ताणायला एक वेगळी जागाही ठेवली आहे. २०१९ मध्ये लंडन ते सिडनी असं चाचणीचं उड्डाण झालं तेव्हा १९ तास १९ मिनिटं लागली होती. मी 'जेसन'च्या खाली उभी राहून हे ऐकत होते. मला त्या वीस-बावीस तासांच्या विमानात बसायला आवडेल. ह्यांनी मात्र लगेच मान हलवून नाही म्हटलं.

परतीचा दिवस, लंडन–मुंबई

७,२०० किलोमीटर, नऊ तास. एअर इंडियाचं 'मलबार प्रिन्सेस' ८ जून १९४८ ला मुंबईहून लंडनला पहिल्यांदा निघालं तेव्हा कैरो आणि जिनिव्हाला थांबत गेलं होतं. त्यात ३५ प्रवासी होते. आम्ही मध्ये एक जेवण आणि एक झोप घेऊन पोहोचलो.

पुढच्या मे महिन्यात दोघंही मुलं सुट्टीला गुहागरला येणार आहेत. लेकीचा प्रवास सिंगापूरमार्गे, म्हणून सरळ अंतरापेक्षा पाचशे किलोमीटर जास्त आणि मधला थांबा धरून बारा-तेरा तास. मुलाचं विमान थेट. तिने आधी निघायचं आणि त्याने नंतर, म्हणजे मुंबईत दोघांना एकच गाडी करता येईल. तिकिटांच्या तारखा त्या हिशेबाने बघायला मी ह्यांना सांगितलं आहे.